पाचव्या आवाजाची जागा

सोमवार, ५ फेब्रुवारी

नोकरी लागली. लागली होती गेल्याच आठवड्यात, पण आज खुर्चीवर बसल्यावर खरी वाटली. ऑफिस शिलाई मशीनच्या दुकानावर आहे. जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने माघार घ्यायची. वर तीन खोल्या, त्यातली मागची माझी. भिंतींना राखाडी फोम, दोन चांगले स्पीकर, आणि टेबलावर मधोमध टीव्हीला जोडायचं जुनं गेमचं यंत्र. त्याच्या खाचेत कॅसेट बसवलेली, वरचं लेबल पार उडालेलं.

मालकांनी तरुणपणी आपल्या थोरल्या भावाबरोबर या यंत्रासाठी एक खेळ केला होता. एक बेडूक उड्या मारत विहिरीतून वर येतो, बस्स. त्या काळी तो घरोघरी चालला म्हणे. आता तोच खेळ त्यांना आजच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर आणायचाय, जिथे कोणीही खेळ बनवून टाकतो आणि लाखो लोक येऊन खेळतात. कोड आणि चित्रं एक दाढीवाला करतो. तो दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन चहाबद्दल. संगीत माझ्याकडे, आणि अट एकच: ते जुन्या यंत्रासारखं वाजलं पाहिजे, त्याच्या सगळ्या खोडींसकट.

घरी येऊन हे सगळं बहिणीला सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. आमच्या धाकटीला मी टकळी म्हणते, कारण तिची एकदा सुरू झाली की थांबत नाही. घरबसल्या ती वॉशिंग मशीनच्या कंपनीची हेल्पलाइन सांभाळते. दिवसभर लोकांना मशीनचं दार कसं उघडायचं ते सांगते आणि उरलेला श्वास माझ्यावर खर्च करते. तिचं म्हणणं, जगात सगळं पुढे चाललंय आणि ताईला पगार मिळतो तो मागे जायचा. पगार मिळतोय ना, म्हटलं, मग उलटं चालत जाईन.

बुधवार, ७ फेब्रुवारी

आज यंत्राची खरी ओळख झाली. त्याला आवाज पाचच. दोन टोकदार, ते चाल वाजवतात. एक गोल, तो खालचा सूर धरतो. एक नुसती खरखर, त्यातून ताल निघतो. आणि पाचव्या जागेत खऱ्या आवाजाचा एक छोटासा तुकडा बसतो. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे पाचामुखी अख्खा वाद्यवृंद. या खेळात पाचव्या जागेत बेडकाची आरोळी आहे, ‘हुप’. उडी मारली की वाजते.

गंमत अशी की जागेत एकावेळी एकच मावतो. नवीन आवाज आला की आधीचा गप्प. आधीच्याने कितीही छान सूर धरलेला असो, शेवटी आला त्याचं राज्य. जुने संगीतकार हे ओळखूनच चाली बांधायचे. आजच्या प्लॅटफॉर्मवर शेकडो आवाज एकदम वाजतात, तेव्हा माझं काम म्हणजे पैलवानाचे हात बांधून त्याला जेवायला बसवणं. पण मला हे फार आवडलंय. असलं बारकं, किचकट काम मिळालं की मी घड्याळ विसरते.

मालकांचे थोरले भाऊ रोज येऊन मधल्या खोलीत खिडकीशी बसतात. सगळे त्यांना थोरलेच म्हणतात. ते बोलत नाहीत. ऐकू येतं, समजतं, हसतातही, पण शब्द नाही. मालक म्हणाले की पूर्वी बोलता बोलता अडखळायचे, लोक हसायचे, मग त्यांनी बोलणंच सोडून दिलं.

दुपारी मी जुनं यंत्र लावून उड्या मारून बघत होते. दार उघडं होतं. थोरले चहा पीत होते. मी उडीचं बटण दाबलं की त्यांचा कप ओठांजवळ थांबायचा आणि हुप संपली की पुढे जायचा. वाटलं, आपला खेळ ऐकून जुनं काही आठवत असेल. उगीच भरून आलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

चाल बसली. आज पहिल्यांदा जुनं यंत्र आणि माझी नक्कल शेजारी लावली आणि दाढीवाल्याला ओळखायला सांगितलं. तो चुकला. मग पाचवं वाक्य बोलला, की भारी झालंय.

राहिली फक्त हुप. मी जुन्याच कॅसेटमधली काढून घेणार होते, पण मालक ऐकेनात. आवाज नवा हवा आणि जिवंत माणसाचा हवा. मीच का घालत नाही, असंही विचारलं. म्हटलं, माझा आवाज इतका घोगरा की बेडकाला न्यूमोनिया झाल्यासारखं वाटेल. ते हसले नाहीत. घालून तर बघ, म्हणाले.

घरी अडगळीच्या खोलीत मी भिंतींवर रजया टांगून रेकॉर्डिंगची जागा केली आहे. संध्याकाळी टकळीला तिथे उभं केलं आणि हुप म्हणायला सांगितलं. तिने आधी हेल्पलाइनच्या सुरात म्हटलं, मग रागावल्यासारखं, मग बेडूक प्रेमात पडल्यावर म्हणेल तसं. हसून हसून दोघींचं पोट दुखलं. शेवटचं सर्वांत चांगलं आलं, आधी छोटासा श्वास आणि मग हुप. सध्यापुरतं असू दे म्हणून तेच प्लॅटफॉर्मवर चढवलं. चढवताना ‘सर्वांसाठी खुला’ अशी खूण आपोआप केलेली असते, ती मी तशीच ठेवली. आमच्या धंद्यात सगळेच ठेवतात. आपला आवाज दुसऱ्या कोणी त्याच्या खेळात वापरला तर बरंच वाटतं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

थोरले बोलले!

मी जिना चढून आत आले तर ते खिडकीशी बसलेले, आणि अगदी रोज बोलत असावेत तसं म्हणाले, “खिडकी जरा लावून घ्या, वारा लागतोय.” दाढीवाल्याच्या हातातून माऊस पडला. मालक आतून धावत आले, भावाच्या पायाशी बसले आणि ओक्साबोक्शी रडले. दुपारी केक आणला, खालच्या शिलाई मशीनवाल्यांनाही वर बोलावलं. थोरले नुसते बोलत सुटले होते, हवेबद्दल, जिन्याबद्दल, चहा पांचट असतो त्याबद्दल. वाक्य पूर्ण झालं की स्वतःच चकित होऊन थांबायचे.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “पोरी, आवाज कोणाचा घातलास?”

माझ्या बहिणीचा, म्हटलं, कौतुकाने. त्यांचा चेहरा उतरला. काठी घेतली आणि कोणाशी न बोलता घरी गेले. म्हातारी माणसं, आनंदसुद्धा झेपत नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

टकळी वैतागली आहे. हेल्पलाइनवर लोक तक्रार करतात की तुमचा आवाज मधेमधे तुटतो. कंपनीने हेडफोन बदलून पाठवला, तरी तेच. इंटरनेटवाला येऊन गेला, वायर चांगली आहे म्हणाला.

आमच्या खेळात आता बाहेरच्या थोड्या लोकांना चाचणीसाठी सोडलंय. दिवसभर कोणी ना कोणी उड्या मारत असतो. खेळ झकास चाललाय. थोरले मात्र परत आले नाहीत.

शनिवार, २४ फेब्रुवारी

सुटीचा दिवस. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून हुपचा आवाज थोडा कमीजास्त करत होते. टकळी भांडी घासता घासता शेजारणीची कुठलीशी भानगड सांगत होती, आणि मधेमधे गप्प होत होती. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

मग मान वर केली. ती गप्प होत नव्हती. ओठ हलत होते. आवाज तेवढा जात होता आणि परत येत होता, कोणी बटण बंद करून चालू करावं तसा. तिलाही कळलं होतं. ओले हात तसेच धरून माझ्याकडे बघत उभी राहिली.

गळ्याच्या डॉक्टरांकडे लगेच नेलं. त्यांनी आत आरसा घालून पाहिलं, घसा ठणठणीत आहे म्हणाले. ताण घेऊ नका म्हणाले. ताण कोण घेतंय? ती बाहेर येऊन हसली, पण छातीवर हात ठेवून.

रविवार, २५ फेब्रुवारी

सकाळी चांगल्या उजेडात, दोघी शुद्धीवर असताना करून पाहिलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझा माझ्यावर विश्वास बसणार नाही.

टकळीला पलंगावर बसवलं, पाठ माझ्याकडे. तिने आकडे मोजायचे, मी मनाला येईल तेव्हा उडी मारायची. लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद.

एक, दोन, तीन. मी बटण दाबलं. पाच.

पुन्हा. सहा, सात. दाबलं. नऊ.

तिच्या लेखी तिने आठ म्हटलं होतं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. जिथे आठ हवा तिथे काही नाही, आणि ते काही नाही बरोबर हुपएवढं लांब. मी मापलं. माझं कामच आहे ते.

मी बटण दाबत नव्हते तेव्हाही आकडे गळत होते. बाहेर कोणीतरी खेळत होतं.

टकळी आधी हसली होती. मग मुळीच हसली नाही. ताई ते काढून टाक, एवढंच म्हणाली. तेही दोन तुकड्यांत.

सोमवार, २६ फेब्रुवारी

काढून टाकलं. काल लगेच. जागेवर यंत्राचा साधा बीप ठेवला. फरक शून्य.

सर्वांसाठी खुला. ती खूण. शोधलं तर आमची हुप लोकांनी उचलून आपापल्या खेळांत घातली आहे. कुठे घोडा उडी मारताना म्हणतो, कुठे पिठाचा गोळा. किती खेळ ते मोजायचं मधेच सोडून दिलं. प्लॅटफॉर्मला लिहिलं, मूळ फाइल सगळीकडून काढा. उत्तर लगेच आलं, आपोआप येतं तसलं. आपला अभिप्राय मोलाचा आहे म्हणे.

मालकांच्या खोलीत गेले. मी काही बोलायच्या आत त्यांनी उठून दार लावून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं. त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. कॅसेटमधली हुप थोरल्यांची. गंमत म्हणून घातली, कॅसेट खपल्या, घरोघरी बेडूक उड्या मारायला लागले आणि भावाचं बोलणं गेलं. नंतरही जगात कुठे ना कुठे कोणी ती कॅसेट लावतच राहिलं. त्या जागेत कोणीतरी लागतंच, जिवंत, आणि शेवटी येतो तो आधीच्याला सोडवतो. मी विचारलं, मग स्वतः का नाही गेलात? त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले.

“तुझ्या बहिणीचं वाईट वाटतं,” म्हणाले. “मला वाटलं होतं तू स्वतःचा घालशील. आवाजाचं काम करणारे सगळे आधी स्वतःचाच घालतात.”

म्हणून मुलाखतीत विचारलं होतं तर, घरी कोण कोण आहे ते. नोकरी मिळाली म्हणून मी किती खूश झाले होते. हात दाखवून अवलक्षण.

खेळ शुक्रवारी दुपारी सगळ्यांसाठी खुला होतोय. बीप काढून मालकांनी टकळीचीच हुप परत घातली आहे. थांबवणार नाहीत. थांबवला तर गळ पुन्हा भावाच्या गळ्यात पडेल अशी त्यांना भीती वाटते. मला त्यांचा इतका राग आला की रडू आलं.

बुधवार, २८ फेब्रुवारी

टकळीला हेल्पलाइनने कळवलं, नीट बोलता येईपर्यंत घरी बसा. घरीच तर बसते, असं ती एरवी म्हणाली असती. आता ती बोलत नाही. दहातले चारच शब्द बाहेर पडतात, तेही भलते. घरात इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. फ्रिज ऐकू येतो. दिवसभर छातीवर हात ठेवून बसते. काय होतंय विचारलं तर मान हलवते, काही नाही.

मला रस्ता सुचलाय. फाइल काढायची नाही. त्याच फाइलवर नवा आवाज चढवायचा. म्हणजे ती जिथे जिथे गेली आहे तिथे तिथे तिच्याऐवजी नवा वाजेल. शेवटी येतो त्याचं राज्य.

नवा म्हणजे माझा. जागा माझ्यासाठीच धरलेली होती, मी चुकून बहिणीला बसवलं. मुकी झाले तर झाले. मी तशीही कमी बोलते. लिहिता येतं, काम हाताचं आहे. तिचं मात्र पोटपाणी आणि जीव दोन्ही बोलण्यात. शुक्रवारच्या आत करायला हवं.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

झालं. सकाळी अडगळीच्या खोलीत जाऊन हुप म्हटलं. घोगरं आलं. चढवलं.

टकळी स्वयंपाकघरातून ओरडली, ताई, दूध उतू गेलं. सबंध वाक्य. मी दाराला टेकून खाली बसले. आनंदाने रडले. मग तिला हो म्हणायला तोंड उघडलं आणि —

तर असं असतं ते. काठावरून पाय सुटल्यासारखं. आणि फक्त आवाज नाही.

तिला कळायला वेळ लागला नाही. माझे गळणारे शब्द ऐकून पांढरी पडली. खूप भांडली, मला न विचारता केलंस म्हणाली. मग माझा हात घेऊन माझ्याच छातीवर ठेवला.

“ताई, तुला सांगितलं नव्हतं. नुसता आवाज जात नाही. श्वास पण थांबतो. तू घाबरशील म्हणून बोलले नाही.”

मला कळलंच होतं तोवर. हुप जेवढी लांब तेवढा श्वास बंद. कोणी दोन उड्या लागोपाठ मारल्या तर दुप्पट. थोरल्यांचा कप का थांबायचा ते — 

आता थोडेच खेळतात. उद्या दुपारी लाखो. एक संपायच्या आत दुसरी, दुसरीत तिसरी. मधे फट उरणार नाही.

मी हिशेब केला तो तिला सांगितला नाही. पण ती हेल्पलाइनवाली, बिघाड कुठे जाणार ते तिला आधीच कळतं. गप्प राहिली. टकळी गप्प राहिली.

शुक्रवार, १ मार्च

सकाळपासून — जास्त. घोडा, गोळा, सगळे उड्या —

मालकांना फोन लावला. उचलत नाहीत. मी तरी काय बोल —

थोरल्यांचा निरोप आला, दाढीवाल्याकडून. माझाच आवाज परत घाला, मी म्हातारा आहे. ते निघालेत म्हणे. जिने चढून यायला त्यांना — 

तोवर मी — धरते. नाक दाबून पाण्याखाली राहायचो लहानपणी, टकळी नेहमी हरायची. तिला श्वास धरताच येत नाही, पाण्यात पण बोलायची —

लॅपटॉप टेबलावर नाही.

अडगळीच्या खोलीचं दार आतून लावलंय. रजया आहेत, बाहेरचं आत जात नाही, मीच तसं — . दार ठोकलं. तिच्या कानांवर हेडफोन असणार. ओरडले. ओरडले म्हणजे तोंड उघड —

हे पान फाडून दाराखालून सरकवते. टकळे वाच. नको घालूस. थोरले येतायत. म्हातारे आहेत, ते स्वतः म्हणालेत. थोडा वेळ फक्त. ती जागा माझी होती, तुझी कधीच — . मला जमतंय. खरंच जमतंय. खाली बघ. कागद —

श्वास आला.

पूर्ण आला. मोकळा. अडत नाहीये. खाली रस्त्यावर कोणाच्या तरी फोनवर आमची चाल वाजतेय, बेडूक उड्यांवर उड्या मारतोय, आणि मला काहीच होत नाहीये. म्हणजे तिने तिचा घातला.

हाक मारली. घरभर घुमली, एकही अक्षर गळलं नाही. टकळे. टकळे, दार उघड.

पुन्हा मारते. आतून हेडफोन पडल्याचा बारीक आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही.